सोबत : टॉवेल, नग एक

प्रति, मा. आयुक्त –
इथवर हात सरावानं चालतो.
पुढं 'विषय' लिहायचा म्हटलं की
युनियनच्या खोलीत सगळे एकदम बोलायला लागतात.

खोली कसली,
होजपाईप वाळत घालायच्या मनोऱ्याखालची अडगळ.
मे महिना. पत्रा कडकड वाजतोय.
चिलवेरी म्हणतो, लिही,
श्वसनयंत्रं बावीस, पैकी चालू चार.
हिरेमठ म्हणतो, चार कसले, तीन;
चौथ्याची पट्टी तुटलीय,
मी ते माझ्या पँटच्या पट्ट्यानं बांधून जातो आत.
मग साडेतीन लिहू का, असं मी विचारतो
आणि सगळे हसतात,
हसता हसता दोघांना खोकला लागतो
तो थांबेस्तोवर
पेन हातात धरून बसतो मी.

अक्कलकोट रोडची ती रात्र
कागदावर 'घटना क्र. ३' आहे.
टॉवेलचा कारखाना.
सुताच्या आगीला ज्वाळा थोडी, धूर फार.
गठ्ठा वरून विझतो
अन् आतून तीन दिवस जागा असतो.
नरसय्या येमूल पुढं होता.
आजोबा हातमागावर, बाप गिरणीत,
हा एकटाच घरातला
सुतावर पाणी मारायच्या नोकरीत आलेला.
यंत्र त्याच्या वाट्याला आलंच नाही.
त्यानं गठ्ठ्यातला एक पांढरा टॉवेल ओढला,
नळीखाली भिजवला, तोंडाला गुंडाळला,
म्हणाला, "सोलापुरात काय कमी आहे बे?"
आणि गेला.

दोन पोरं बाहेर आणली त्यानं, ओरिसाकडची,
नावं कुणी विचारली नाहीत.

सात महिन्यांनी सिव्हिलच्या कागदावर : जुनाट दमा.
वर्षानं त्याच घरात मृत्यूचा दाखला.
आणि आमच्याच ऑफिसचा शेरा :
'मयताचे घरी विडी वळण्याचे काम चालते.
सबब आजाराचा कर्तव्याशी संबंध सिद्ध होत नाही.'

रोज हजार विड्या वळणाऱ्या बाईचा नवरा.
आयुष्यात एक ओढली नाही त्यानं.
सुपात पानं कातरत तीच म्हणायची,
या माणसाला वासच सोसत नाही.

मागणी सातवी : गणवेश धुण्याची सोय ठाण्यातच करावी.
गेल्या खेपेला यावरच साहेब हसले होते.
"आता कपडे धुवायला पण संप का?"
आम्हीही ओशाळलो होतो जरा, खरं सांगायचं तर.
मग काल भूदेवीबाई आली,
पिशवीतून टॉवेल काढून टेबलावर ठेवला.
"सव्वीस वर्षं त्यांचा ड्रेस माझ्या बादलीत धुतला.
नातवाचं दुपटं पण त्याच बादलीत.
हा अकरा वेळा धुतला. बघा."

पांढरा, फक्त मधोमध
एका उघड्या तोंडाएवढं काळं.

चिलवेरीनं खुर्ची सोडली, ती बसली नाही.
मी 'सोबत' या शब्दाखाली
वैद्यकीय दाखल्याची प्रत, हजेरीपटाची प्रत,
आणि मग थांबून, नीट अक्षरात :
टॉवेल, नग एक.

आवक-जावकचा कारकून म्हणाला
असं जोडता येत नाही.
कुठल्या नियमात, म्हणालो.
त्यानं नियम शोधला थोडा वेळ, कपाटाकडं बघत.
मग शिक्का उचलला.
टॉवेलच्या रेशांत शाई पसरली, तारीख उमटेना.
त्यानं परत मारला, दाबून,
आणि वाकल्यामुळं वास गेला असावा नाकात,
कारण तो उठला, नळावर जाऊन हात धुतले,
पुसायला काही मिळेना तेव्हा शर्टालाच पुसले,
आणि काही न बोलता पोच दिली.

पोच खिशात घालतोय तोवर फोन.
शेळगीत भंगाराचं गोदाम, आत टायर.
गाडी रस्त्यावर आलीय, दारात उभी राहील, धावत या.

जिन्यातच
हिरेमठ पँटचा पट्टा सोडायला लागला.